कपाटाबाहेर पडलेल्या पोथ्या : भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची शंभर वर्षे

संस्थेचा इतिहास म्हटला की इमारती, देणग्या आणि अध्यक्ष-चिटणीसांच्या कारकिर्दी यांची जंत्री आधी डोळ्यांपुढे येते. या लेखात एकच धागा धरला आहे. संस्थेच्या कपाटांतला मजकूर कपाटाबाहेरच्या वाचकापर्यंत कसकसा पोचत गेला, एवढाच. आज नागपूरचा किंवा न्यूयॉर्कचा विद्यार्थी महाभारतातला एखादा शब्द संगणकाला विचारतो आणि तो कुठल्या पर्वात, कुठल्या अध्यायात आला हे त्याला तत्काळ समजते. या सोयीचे श्रेय आपण यंत्राला देऊन मोकळे होतो. पण यंत्राच्या हाती दिलेला मजकूर तयार करायला या संस्थेतल्या माणसांची जवळजवळ पन्नास वर्षे खर्ची पडली. त्यातल्या बहुतेकांची नावे आज कोणाला आठवत नाहीत.

पूर्वपीठिका : १८६६ ते १९१७

संस्थेचा जन्म १९१७ चा, पण तिचा मुख्य हस्तलिखित संग्रह तिच्याहून पन्नास वर्षांनी वडील आहे. मुंबई सरकारने १८६६ पासून संस्कृत आणि प्राकृत पोथ्या शोधून त्या विकत घ्यायला सुरुवात केली. हे काम सरकारी कारकुनांकडे न जाता महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांकडे आले, हे आपले भाग्य. गेओर्ग ब्यूलर, फ्रान्झ कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, पीटर पीटरसन, आबाजी विष्णू काथवटे ही मंडळी गावोगावची शास्त्र्यांची घरे, जैन भांडार आणि देवळे पालथी घालत फिरली. पोथीचा मालक कधी विकायला तयार असे, कधी नुसती नक्कल करू देई, कधी दारातूनच वाटेला लावी. ब्यूलर १८७५ मध्ये काश्मीरला गेले आणि शारदा लिपीत लिहिलेल्या भूर्जपत्रांच्या पोथ्या घेऊन परतले. संग्रहातली ऋग्वेदाची एक प्रसिद्ध पोथी आजही ‘५/१८७५-७६’ या क्रमांकाने ओळखली जाते. कपाटातली जागा आणि संग्रहात आल्याचे वर्ष एकाच क्रमांकात सांगणारी ही पद्धत दीडशे वर्षांनंतरही बदलावी लागलेली नाही. संगणकावरच्या सूचीतही तोच क्रमांक चालतो.

हा संग्रह आधी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आणि नंतर पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात होता. त्याची एक रीत मुद्दाम सांगण्याजोगी आहे. अभ्यासकाने हमीपत्र लिहून दिले की मूळ पोथी त्याच्याकडे पाठवली जाई, अगदी परदेशातसुद्धा. आजच्या ग्रंथपालाला हे ऐकून घाम फुटेल. पण पोथी वाचली जावी म्हणूनच ती जमवली, ही भूमिका त्या काळापासूनची आहे आणि पुढच्या साऱ्या कामाचे मूळ तीत आहे.

१९१७ ते १९२७ : पायाभरणी

रामकृष्णपंत भांडारकरांचे नाव लावून एक संशोधन संस्था उभारावी, तिला त्यांचा ग्रंथसंग्रह लाभावा आणि सरकारी हस्तलिखितेही तिच्याकडे यावीत, ही कल्पना त्यांच्या शिष्यांची आणि चाहत्यांची. श्रीपाद कृष्ण बेलवलकर, पांडुरंग दामोदर गुणे, नारायण बापूजी उटगीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उचलून धरली. ६ जुलै १९१७ रोजी भांडारकरांच्या वयाला ८० वर्षे पूर्ण झाली. त्याच दिवशी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते संस्थेचे उद्घाटन झाले. टाटा बंधूंनी आणि मुंबईच्या जैन समाजाने इमारतीसाठी हात सैल सोडला. जागा मिळाली ती त्या वेळच्या पुण्याच्या वेशीबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. आज भर गर्दीच्या रस्त्यावरून संस्थेच्या आवारात वळणाऱ्याला ते खरे वाटत नाही.

१९१८ मध्ये सरकारने डेक्कन महाविद्यालयातला संग्रह संस्थेच्या स्वाधीन केला. हस्तलिखिते १८ हजारांच्या आसपास होती. बॉम्बे संस्कृत अँड प्राकृत सीरीज ही ग्रंथमालाही सोबत आली. पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, संस्थेचे नियतकालिक ‘अ‍ॅनल्स’ निघाले आणि नोव्हेंबरात पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद संस्थेच्या पुढाकाराने पुण्यात भरली. दोन वर्षांच्या पोरसवदा संस्थेने देशभरच्या पंडितांना आवतण धाडावे, हे धाडसच म्हणायचे.

याच वर्षी संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. हा विचार युरोपात बराच आधी झाला होता. १८९७ च्या पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मोरित्स विंटरनिट्झ यांनी तो मांडला, हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये एक नमुनाही छापला. पुढे पहिले महायुद्ध आले आणि काम थंडावले. पुण्याने ते उचलले, कारण औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१८ मध्ये एक लाख रुपये देण्याचे वचन दिले. १ एप्रिल १९१९ रोजी भांडारकरांनी मंगलाचरणाचा श्लोक आपल्या हाताने लिहून कामाचा नारळ फोडला. १९२३ मध्ये उटगीकरांनी विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती काढून देशोदेशीच्या विद्वानांकडे मत मागायला धाडली. मते आली, आणि ती सगळी सारखी नव्हती. कामाच्या पद्धतीवरून चर्चा झडल्या, काही फेरबदल झाले. त्यांचा तपशील संस्थेच्या इतिवृत्तांत आहे. उत्सवाच्या प्रसंगी तो उगाळण्याचे कारण नाही. १९२५ मध्ये विष्णू सीताराम सुकथनकर प्रधान संपादक झाले आणि कामाला घाट आला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

१९२७ ते १९३७ : पाठभेदांचे दशक

सुकथनकर मूळचे केंब्रिजचे गणिती. तिथून ते बर्लिनला ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृताकडे वळले. गणिताची शिस्त त्यांनी पोथ्यांना लावली. महाभारताची वाचनात असलेली संहिता प्रामुख्याने सतराव्या शतकातल्या नीलकंठ चतुर्धरांची. हे नीलकंठ मूळचे कोपरगावचे, पण टीका लिहिली काशीत. त्यांची प्रत उत्तम, तरी ती अनेक शाखांपैकी एक. सुकथनकरांनी पोथ्यांची लिपीनुसार कुळे लावली: शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. कुठल्या कुळात कुठला श्लोक आहे, कुठल्यात नाही, कुठे शब्द बदलला आहे, याची श्लोकवार नोंद होऊ लागली.

ही नोंद होई कशी? एका श्लोकाला एक कागद. वर नमुन्याची ओळ, खाली प्रत्येक पोथीसाठी एक रांग. एकजण पोथी वाची, दुसरा फरक टिपून घेई. अक्षर आणि अक्षर ताडायचे. पुण्यात बसून सगळ्या लिप्या वाचणारे पंडित मिळेनात आणि सगळ्याच पोथ्या पुण्यात आणणे शक्यही नव्हते. म्हणून शांतिनिकेतनात विश्वभारतीत आणि तंजावरला सरस्वती महालात ताडण्याची केंद्रे उघडली. तिथल्या लोकांनी भरलेले कागद टपालाने पुण्याला येत. म्हणजे पोथी आपल्या जागी, मजकूर मात्र प्रवासाला. आजच्या परिभाषेत ज्याला माहितीची देवाणघेवाण म्हणतात ती संस्था १९२० आणि १९३० च्या दशकांत टपालखात्याच्या भरवशावर करत होती.

१९२७ मध्ये आदिपर्वाचा पहिला भाग छापून बाहेर पडला, १९३३ मध्ये आदिपर्व पुरे झाले. त्याला जोडलेली सुकथनकरांची प्रस्तावना हा पाठचिकित्सेवरचा स्वतंत्र ग्रंथच आहे. महर्षी व्यासांनी सांगायचे आणि गणपतीने लिहून घ्यायचे, ही घराघरांत माहीत असलेली गोष्ट या आवृत्तीत मूळ संहितेतून काढून परिशिष्टात गेली. कारण जुन्या आणि एकमेकांपासून दूर असलेल्या शाखांच्या पोथ्यांत ती नाही. भाविकांना हे रुचले नाही. पण गोष्ट फेकून दिली नाही, पुराव्यासकट परिशिष्टात ठेवली. वाचकाने पुरावा पाहावा आणि स्वतः ठरवावे.

पैशाची चणचण कायमचीच होती. हैदराबादच्या निजामांनी या कामासाठी वार्षिक मदत दिली आणि अभ्यासकांना उतरण्यासाठी अतिथिगृह बांधायला रक्कम दिली. औंधच्या संस्थानिकाच्या वचनावर सुरू झालेल्या महाभारताला हैदराबादच्या निजामाचा टेकू मिळाला, याचा संस्थेला अभिमान आहे आणि असायला हवा.

याच दशकात, १९३० मध्ये, पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड संस्थेने छापला. पाचवा १९६२ मध्ये आला, आणि १९६३ मध्ये काण्यांना भारतरत्न मिळाले.

१९३७ ते १९४७ : नेपाळची पोथी आणि एक मोठा आघात

नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांनी आदिपर्वाची एक फार जुनी पोथी अभ्यासासाठी उपलब्ध करून दिली. सुकथनकरांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिच्यावर स्वतंत्र लेख लिहिला. आदिपर्व छापून झाल्यावर हाती आलेल्या या पोथीने आधी ठरवलेल्या पाठांना अनेक ठिकाणी दुजोरा दिला, ही त्या पद्धतीला मिळालेली सर्वांत चांगली पावती.

पर्वे वेगवेगळ्या संपादकांकडे वाटून दिलेली होती. विराट रघुवीरांकडे, उद्योग सुशीलकुमार दे यांच्याकडे, सभा अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे. आरण्यकपर्व सुकथनकरांनी स्वतः १९४२ मध्ये पुरे केले. २१ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. संस्थेचा रौप्यमहोत्सव नुकताच झाला होता. मुंबई विद्यापीठात त्यांची महाभारताच्या अर्थावरची व्याख्यानमाला चालू होती, तिचे शेवटचे व्याख्यान द्यायचे राहिले. प्रधान संपादकपद बेलवलकरांकडे आले. संस्थेच्या स्थापनेसाठी धडपडलेल्या तरुणांपैकी एक आता तिचे सर्वांत अवघड काम ओढत होता.

या दशकाच्या सुरुवातीला, १९३९ मध्ये, रामचंद्र नारायण दांडेकर संस्थेचे चिटणीस झाले. पुढची पाच दशके संस्थेचे पान त्यांच्याशिवाय हलले नाही.

आणि हस्तलिखित विभागात परशुराम कृष्ण गोडे होते. १९१९ पासून १९६१ पर्यंत ते संस्थेचे अभिरक्षक. कपाटे, किल्ल्या, पोथ्यांची बासने, झुरळे आणि वाळवी सांभाळता सांभाळता त्यांनी शेकडो निबंध लिहिले. पोथीच्या शेवटची पुष्पिका, म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःविषयी, गावाविषयी आणि तिथीविषयी लिहून ठेवलेल्या ओळी, हा त्यांचा आवडता प्रांत. त्यांतून त्यांनी कवींचे काळ ठरवले, तंबाखू भारतात केव्हा आली हे शोधले, जिलबीचाही इतिहास लिहिला. बाहेरच्या अभ्यासकांच्या पत्रांना ते उत्तरे देत. पुण्याला येऊ न शकणाऱ्याला पोथीत काय आहे हे पत्रातून कळे. संस्थेचे शोधयंत्र त्या काळी गोडे हेच होते, असे म्हटले तर चालेल.

१९४७ ते १९६७ : महाभारताची पूर्तता

या वीस वर्षांत संस्था एका कामाला जुंपलेली होती. बेलवलकरांनी भीष्मपर्व आणि शांतिपर्व संपादले, परशुराम लक्ष्मण वैद्यांनी कर्णपर्व, दे यांनी द्रोणपर्व, दांडेकरांनी शल्य आणि अनुशासन. १९६१ मध्ये प्रधान संपादकाची धुरा वैद्यांकडे आली. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत पूर्तीचा सोहळा झाला. १९ खंड, १३ हजारांहून अधिक पाने, ताडून पाहिलेली १२५९ हस्तलिखिते. ज्यांनी १९१९ मध्ये काम सुरू झालेले पाहिले त्यांतले थोडेच उरले होते; बेलवलकर त्यांपैकी एक होते. पुढच्याच वर्षी तेही गेले.

संपादकांची नावे खंडांच्या मुखपृष्ठांवर आहेत. ताडणी करणारे शास्त्री, नकला करणारे लेखक, मुद्रिते तपासणारे, खिळे जुळवणारे मुद्रक यांची नावे बहुधा कुठे नाहीत. ही आवृत्ती त्यांचीही आहे.

१९६७ ते १९८७ : सूचींची वर्षे

एवढी मोठी संहिता छापून झाली तरी तिच्यात नेमका एक चरण शोधायचा कसा? वैद्यांच्या संपादनाखाली १९६७ ते १९७२ या काळात प्रतीकसूचीचे सहा खंड निघाले. महाभारताच्या श्लोकांचे चरण अकारादि क्रमाने लावलेले आणि पुढे स्थळ. कुठल्याही ग्रंथात उद्धृत झालेला अर्धामुर्धा चरण हाती आला की तो महाभारतात आहे का, कुठे आहे, हे पाच मिनिटांत समजे. हे काम चिठ्ठ्यांवर झाले. एका चिठ्ठीवर एक चरण, मग चिठ्ठ्या वर्णक्रमाने लावायच्या. एकही चिठ्ठी चुकीच्या खणात गेली की तो चरण हरवला. ज्यांनी आज केवळ कळफलक पाहिला आहे त्यांनी ग्रंथालयात जाऊन हे सहा खंड एकदा उचलून पाहावेत.

याच काळात हरिवंशाची चिकित्सक आवृत्ती झाली, तीही वैद्यांचीच. दांडेकरांची वैदिक ग्रंथसूची खंडामागून खंड वाढत गेली. जगात कुठल्याही भाषेत वेदांवर काय छापून आले याची ती नोंद. दुसऱ्याने लिहिलेले सापडावे म्हणून स्वतःचे आयुष्य घालवणारी माणसे संस्थेला लाभली. अशा माणसांचे सत्कार समारंभ फारसे होत नाहीत.

हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीचे खंडही निघत होते. जैन हस्तलिखितांचे खंड हिरालाल रसिकदास कापडिया यांनी केलेले आहेत. बाहेरगावचा अभ्यासक या सूचीवरून क्रमांक कळवी आणि मायक्रोफिल्म किंवा पुढे झेरॉक्स मागवी. मायक्रोफिल्म वाचायला यंत्र लागे आणि ते यंत्र भारतातल्या बहुतेक महाविद्यालयांत नव्हते. त्यामुळे परदेशातल्या संशोधकाला पुण्यातली पोथी सोपी आणि आपल्याच गावच्या प्राध्यापकाला अवघड, असा विचित्र प्रकार झाला. हा दोष संस्थेचा नव्हता, पण तो प्रकार घडत होता हे नोंदवले पाहिजे.

१९८७ ते १९९७ : संगणकाची चाहूल

अमृत माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली प्राकृत कोशाचे आणि मधुकर अनंत मेहेंदळे यांच्या हातून महाभारताच्या सांस्कृतिक सूचीचे काम या दशकात उभे राहिले. महाभारतात कोणती शस्त्रे, नद्या, वनस्पती, ग्रह, चालीरीती कुठे आल्या, हे मेहेंदळ्यांची सूची सांगते. नुसता शब्द शोधणाऱ्या यंत्राला हे अजूनही नीट जमत नाही, कारण एकाच नदीची दहा नावे असतात आणि एकच नाव दहा ठिकाणी वेगळ्या अर्थाने येते.

इकडे ही सूची हाताने होत असताना जपानमध्ये क्योतो विद्यापीठाचे मुनेओ तोकुनागा आणि त्यांचे सहकारी चिकित्सक आवृत्तीची संहिता संगणकात भरत होते. देवनागरी अक्षरे तेव्हाच्या संगणकांवर धड उमटत नसत, म्हणून हा मजकूर रोमन अक्षरांत, ठरावीक खुणा वापरून टंकलेला होता.

१९९७ ते २००७ : क्योतो, केंब्रिज, पुणे

तोकुनागांच्या मजकुरावर केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी संस्कार केले. पुण्याच्या छापील खंडांशी तो ताडून चुका काढल्या. १९९९ च्या प्रताधिकाराची संस्थेची नोंद असलेली ही संहिता महाजालावर सर्वांसाठी खुली झाली. पुढे युनिकोड आल्यावर तीच देवनागरीतही वाचता येऊ लागली.

या घटनेचे महत्त्व पुण्यातही थोड्यांनाच लगेच उमगले. सत्तेचाळीस वर्षे खपून, संस्थानिकांच्या आणि सरकारांच्या पैशाने झालेली आवृत्ती संस्थेने जगाला विनामूल्य वापरू दिली. खंड विकले जाणार नाहीत, ही भीती कोणाला वाटली असेल तर ती गैर म्हणता येणार नाही. ग्रंथविक्री हा अशा संस्थेच्या मोजक्या उत्पन्नांपैकी एक. तरीही संस्थेने दार उघडले. माझ्या मते शंभर वर्षांतल्या तिच्या सर्वांत उदार निर्णयांत हा मोडतो. एक मर्यादा मात्र विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी: पानाखालचे पाठभेद या मजकुरात नाहीत. कोणत्या पोथीत काय आहे हे पाहायला छापील खंडच उघडावे लागतात.

फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारचे राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू झाले. संस्था त्याचे संसाधन केंद्र आणि संवर्धन केंद्र बनली. घरोघरच्या, मठांतल्या, देवळांतल्या पोथ्यांच्या नोंदी, त्यांची साफसफाई, दुरुस्ती, लिपी वाचण्याचे वर्ग, प्रतिमा काढणे, असे काम आखून होऊ लागले.

५ जानेवारी २००४ रोजी जमावाने संस्थेवर हल्ला केला. कपाटे फुटली, पुस्तके आणि हस्तलिखिते विखुरली. त्या दिवसाची चर्चा पुष्कळ झाली आहे. इथे सांगायचे ते नंतरच्या दिवसांविषयी. पुण्यातले आणि बाहेरगावचे नागरिक, विद्यार्थी, ग्रंथपाल येऊन सुटी पाने वेचत, जुळवत, नोंदवत बसले. पोथीची दुसरी प्रत दुसऱ्या जागी असलीच पाहिजे, हे त्यानंतर कोणाला समजावून द्यावे लागले नाही.

२००७ ते २०१७ : पडद्यावर

या दशकाची सुरुवात मानाने झाली. संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांचा संच २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत दाखल झाला. यांतले सर्वांत जुने दिनांकित हस्तलिखित १४६४ चे, आणि याच संचात ती काश्मीरची भूर्जपत्रांची पोथी, ‘५/१८७५-७६’.

हस्तलिखिताचे डिजिटायझेशन म्हणजे स्कॅनरवर पान ठेवून बटण दाबणे, असा समज आहे. तसे केले तर भूर्जपत्राचे तुकडे हाती येतील. पोथी आधी बासनातून सोडवून पाने मोजावी लागतात. क्रम चुकलेला असतो, मधली पाने दुसऱ्याच ग्रंथाची निघतात, एका बासनात कधी तीन-चार ग्रंथ बांधलेले असतात. पानाचा क्रमांक बहुधा एकाच बाजूला लिहिलेला, म्हणून पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी नोंदवायची. ताडपत्रावर अक्षरे कोरलेली असतात. शाई उडाली असली तर प्रकाश तिरपा टाकावा लागतो. समासातल्या टिपा, पिवळ्या हरताळाने पुसलेली अक्षरे, किडीने खाल्लेल्या कडा, हे सगळे प्रतिमेत आले पाहिजे. कॅमेरा वरून, पान खाली, दाब कशाचाही नाही. दिवसाकाठी होणारी पाने पाहून बाहेरचा माणूस निराश होतो. काम करणारे होत नाहीत.

आणि प्रतिमा झाली म्हणजे संपले नाही. ‘प्रतिमा क्रमांक अमुक’ या नावाखाली पडलेली पोथी कपाटात कुलूपबंद पडलेल्या पोथीइतकीच अदृश्य असते. ग्रंथाचे नाव, कर्ता, लिपी, पानांची संख्या, पुष्पिकेतला काळ, अपूर्ण की पूर्ण, हे जोडले तरच ती सापडते. ही माहिती येते कुठून? छापील वर्णनात्मक सूचींतून, आणि गोड्यांसारख्यांनी आयुष्यभर उकललेल्या पुष्पिकांतून. जुन्या सूचीत एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असते. माणसाला ते चालते, संगणकाला चालत नाही. ते एकसारखे करायला संस्कृत आणि संगणक दोन्ही जाणणारी माणसे लागतात. अशी तरुण मंडळी आज संस्थेत येत आहेत, हे आमचे खरे धन.

दुर्मिळ छापील ग्रंथांच्या प्रतिमाही संस्था वाचकांना उपलब्ध करून देत आहे. ‘अ‍ॅनल्स’चे जुने अंक जेस्टोर या परदेशी संग्रहस्थळावर वाचता येतात. १९१९ च्या पहिल्या अंकातला लेख वाचायला आता पुण्याला यावे लागत नाही.

आज

संस्थेकडे २८ हजारांहून अधिक हस्तलिखिते आणि मोठे संदर्भग्रंथालय आहे. प्राकृत कोश आणि सांस्कृतिक सूची चालू आहेत, संवर्धनाची प्रयोगशाळा रोज उघडते. व्याख्याने होतात, लिपिवर्ग भरतात. पैशाची ओढाताण १९१७ इतकीच आहे. फक्त आता संस्थानिक नाहीत, त्यांच्या जागी शासन, कंपन्या आणि सामान्य देणगीदार आले आहेत.

पुढचे काम मोठे आहे. सगळ्या हस्तलिखितांच्या प्रतिमा व्हायच्या आहेत आणि त्यांच्या नोंदी जोडायच्या आहेत. प्रतिमा ज्या माध्यमात ठेवतो ते दर काही वर्षांनी कालबाह्य होते, म्हणजे संगणकातली प्रतसुद्धा पुन्हा पुन्हा नव्या माध्यमात उतरवून ठेवावी लागते. पाचशे वर्षांपूर्वीचा कागद अजून वाचता येतो, वीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी येत नाही. म्हणून मूळ पोथीचे जतन हाच पहिला खर्च आणि प्रतिमा हा दुसरा, असा संस्थेचा क्रम आहे. तो तसाच राहावा.

वाचकांना एक विनंती. ज्यांच्या घरी माळ्यावर, देवघरात किंवा वाड्याच्या कोनाड्यात जुनी बासने आहेत त्यांनी ती रद्दीत किंवा गंगेत घालू नयेत. पोथी संस्थेला द्यायलाच हवी असे नाही. संस्थेत आणून ती दाखवावी, तिची नोंद आणि प्रतिमा करू द्यावी आणि पोथी घरी परत न्यावी. ज्यांना संस्कृत, प्राकृत किंवा मोडी वाचता येते आणि आठवड्यातले काही तास मोकळे आहेत त्यांनी नोंदीच्या कामाला हात लावावा. संस्थेला आज सर्वांत जास्त गरज अशा माणसांची आहे.